सोमाजीची मोजणी

सोमाजी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता आणि त्या बत्तीस वर्षांत प्रवासी मोजताना तो एकदाही चुकला नाही, हे गोंडपिपरी तालुक्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्यांना सोमाजी अजून भेटला नसावा, नाहीतर त्यांनाही ठाऊक असतं.

मोजणी ही कंडक्टरची अब्रू. मधेच कुठेतरी चेकर गाडी थांबवतो, वर चढतो आणि मुंडकी मोजायला लागतो. तिकिटं चव्वेचाळीस आणि मुंडकी पंचेचाळीस निघाली की झालं, कंडक्टरची बोबडी वळते. सोमाजीची कधी वळली नाही. मागच्या लांब सीटपासून तो सुरू करायचा आणि सीटच्या दांड्यांवर पेन्सिल टकटक वाजवत दोन-दोनच्या जोड्यांनी पुढे यायचा. दारापर्यंत पोचला की आकडा तयार. बाई नटलीय काय, म्हातारा रडतोय काय, कुणाच्या मांडीवर कोंबडी आहे काय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. स्वतःला आणि ड्रायव्हरला तो मोजत नसे, कारण ते दोघं गाडीचे, प्रवाशांतले नव्हेत. आकडा जुळला की दोरी दोनदा ओढायची, डबल बेल, आणि गाडी सुटली.

ही सवय घरीही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला गेला तर आधी पंगत मोजायचा. आणि वेळेच्या बाबतीत तर बोलायलाच नको. एकदा त्याचे सख्खे सासरे त्याच्याच गाडीने जावयाकडे निघाले होते. कोठारीच्या स्टँडवर चहा प्यायला उतरले. बशीत चहा ओतून फुंकर घालत असतानाच गाडीची वेळ झाली. सोमाजीने खिडकीतून सासऱ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि डबल बेल दिली. म्हातारा हातात बशी घेऊन गाडीकडे बघत राहिला. रुखमाने, म्हणजे सोमाजीच्या बायकोने, त्यानंतर आठ दिवस नवऱ्याचं ताट फक्त समोर आदळलं, तोंड उघडलं नाही. सोमाजीचं म्हणणं एकच होतं, गाडी टायमावर सुटली.

असा हा माणूस. आता त्याच्या सोबत्यांची गोष्ट सांगतो.

सोमाजी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत होता तेव्हा गावात वीज नव्हती. घरोघरी कंदील, तोही काच पुसायचा कंटाळा येईल तसा मिणमिणता. त्या वर्षी सोळा ऑक्टोबरला गुरुजी अख्ख्या वर्गाला एका ट्रकमध्ये घालून चंद्रपूरला घेऊन गेले, दीक्षाभूमीवरची रोशनाई दाखवायला. छप्पन साली त्याच तारखेला तिथे बौद्ध धम्माची दीक्षा झाली होती, तेव्हापासून दर वर्षी तिथे माणसांचा पूर लोटतो. पोरांनी तोवर एका जागी एवढे दिवे पाहिलेच नव्हते. सोमाजीच्या शेजारी त्याच्याच बाकावरचा मनसाराम उभा होता, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातला. दोघंही आ वासून बघत राहिले. परतताना मनसारामने विचारलं होतं, "सोमाजी, हे दिवे सकाळी कोण इझवत असन गा?" मग दोघांनी ट्रकमध्ये डोक्याला डोकं लावून झोप काढली.

पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लागली. गावात वीज आली, मग टीव्ही आला, मग घराघराच्या कौलांवर चिनी माळा लुकलुकायला लागल्या. तरी त्या वर्गातले नऊ जण दर सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरची रोशनाई पाहायला जात राहिले. बौद्ध घरातले होते, भोई होते, कुणबी होते. एकाने मोडता घातला की दुसरा त्याला ओढून न्यायचा. पूर्वी एसटीने जायचे, पुढे गावातल्या अमरची क्रुझर जीप ठरवायला लागले. जुनी नर्सबाई नूतन, शेतीवाले गुणवंतराव, मनसाराम आणि बाकीचे पाच. नववा सोमाजी. तो प्रवासी म्हणून जातच नसे. पाय ठेवायच्या पायरीवर उभा राहून तो सगळ्यांना आत बसवायचा, आठ मुंडकी मोजायचा, सगळ्यांत शेवटी चढायचा आणि चढताना गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा. थापा पडल्याशिवाय अमर गाडी हलवत नसे. सोबती चिडवायचे, पण त्यांनाही ते आवडायचं. थापा पडल्या की सहल सुरू झाल्यासारखी वाटायची.

तीन वर्षांपूर्वी याच मोजणीने घात केला.

त्या साली गर्दी मुंगीला वाट मिळणार नाही अशी होती. परत निघायच्या वेळी सोमाजीने गाडीत वाकून मागून पुढे आकडा घेतला. आठ. पत्र्यावर दोन थापा पडल्या, गाडी निघाली. सगळे दमलेले, अर्ध्या रस्त्यात निम्मे डुलक्या काढायला लागले. गोंडपिपरीला अमरने मिनिटभर गाडी उभी केली, मग गावात येऊन एकेकाला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. तलावाजवळच्या शेवटच्या घरापाशी मनसारामची बायको गोकुळा दारात उभी होती. गाडीतून कुणी उतरेना.

"आमचे कुठी हायेत भाऊजी?" तिने विचारलं.

सोमाजीने मागच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. आणि तरीही, विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्याच्या तोंडून निघालं, "आठ चढवले होते. आठ उतरले असन."

मनसारामचा मोबाइल घरीच चार्जिंगला लागलेला होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आला. रात्र त्याने दीक्षाभूमीवरच्या मंडपात काढली होती, पोटभर जेवला होता, झोपही बरी लागली होती. त्याला राग असा आलाच नव्हता. उलट गंमत सांगायच्या तयारीनेच तो सोमाजीच्या अंगणात आला. गुणवंतराव आणि आणखी दोघं आधीच तिथे जमलेले होते.

"काऊन बे, मले सोडून आला ना!" मनसाराम हसत म्हणाला.

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, चुकलं गड्या, बस, चहा घे. चार-पाच शब्दांचं काम होतं. पण सोमाजीच्या नोकरीची बत्तीस वर्षं पुरी होत आली होती आणि त्याच्या जिभेला त्यातला पहिलाच शब्द माहीत नव्हता.

"मी मोजले होते," तो म्हणाला. "आठ भरले. म्हणजे तू गाडीत होता."

"मंग आता मी कुठून येऊन राह्यलो?"

"ते तू पाय. मधी कुठी उतरला असशीन."

गुणवंतरावांना हसू आवरेना, ते पाठ फिरवून खोकायला लागले. मनसाराम मात्र हसायचा थांबला.

"तुही मोजणी खरी, अन् मी खोटा," तो म्हणाला. "बरं."

आणि गेला तो गेलाच. तीन वर्षं तो सोमाजीशी बोलला नाही, रोशनाईलाही आला नाही. गाव एवढंसं, तलावाच्या या टोकाला एक घर आणि त्या टोकाला दुसरं. दिवसातून दोनदा तोंडासमोर येणार, आणि दोघंही असे बघणार की मधे झाड आहे. बायकांनी मात्र हा मूर्खपणा मनावर घेतला नाही. गोकुळा तलावाची मासोळी रुखमाकडे पाठवत राहिली आणि रुखमा परतीच्या डब्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी देत राहिली. सोमाजी ती मासोळी मुकाट्याने खायचा. कुणी पकडली हे विचारायची त्याची हिंमत नव्हती.

त्यानंतरच्या दोन सहली झाल्या, पण त्या सहलींत जीव नव्हता. सोमाजीची मोजणी आता सातावर थांबायची. सात म्हणताना त्याला दर वेळी पायरी चुकल्यासारखं व्हायचं. तशात तो रिटायर झाला. सकाळी उठून कुठल्या गाडीवर जायचं नाही, हातात पेन्सिल नाही. मग रिकाम्या डोक्यात ती एकच मोजणी फिरायला लागली. आठ होते. नक्की आठ होते. मग मनसाराम मागे राहिलाच कसा? जगाला तो छातीठोक सांगायचा, पण एकटा असला की त्याची खात्री डळमळायची, आणि आपण म्हातारे झालो की काय, अशी भीती वाटायची.

यंदा पोळा झाल्यावर एका सकाळी अमर तलावाच्या काठी क्रुझर धूत होता. सोमाजी तिथे दात घासत उभा होता. अमर सहज म्हणाला, "भाऊ, माह्या साळ्याचं लगन जमलं."

"बरं झालं. कोणता साळा?"

"तोच ना, तुमच्यासंगं चंद्रपूरहून आला होता तो. मांगच्या सीटवर तोंडावर दुपट्टा घेऊन झोपला होता. गोंडपिपरीले उतरला."

सोमाजीचं दात घासणं थांबलं. "कोणत्या साली?"

"मनसारामकाका राह्यले होते ना, त्या साली."

"अरे बापा! मंग बोलला काऊन नाई तू?"

"तुमी इचारलं कुठी? अन् तुमी एवढे तापले होते, मी म्हटलं चुप राह्यलेलंच बरं."

सोमाजीने चूळ भरली ती अर्धी अंगावरच आणि तो धोतराचा सोगा सावरत घराकडे पळाला. साठीला आलेला माणूस असा पळताना पाहून कुत्री भुंकली. रुखमा अंगणात बसून अंबाडी निवडत होती.

"रुखमा! माही मोजणी बरोबर होती! आठच होते! अमरचा साळा होता मांगं! मी चुकलो नोतो!"

त्याला वाटलं होतं ती सूप बाजूला ठेवून उठेल, निदान हसेल तरी. रुखमाने आणखी चार देठं मोडली, मग मान वर केली.

"मुंडके आठ होते," ती म्हणाली. "त्यातलं एक मनसारामभाऊचं नोतं. तुमी मुंडके मोजले, तोंडं नाई पाह्यली. एसटीतले लोकं परके असतात, तिथी चालते तसं. हे तुमचे सोबती होते ना? लहानपनापासून एका बाकावर बसलेला मानूस, त्याचं तोंड तुमाले दिसलं नाई, अन् वरून त्यालेच खोटं पाडलं."

मग ती भाजी फोडणीला घालायला आत गेली. सोमाजी ओट्यावर बसला. आतापर्यंत आनंदाने फुगलेला तो हळूहळू रिता होत गेला. त्याला मनसारामचा त्या सकाळचा हसरा चेहरा आठवला. गंमत सांगायला आला होता बिचारा, आणि आपण त्याला काय सांगितलं! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी दुपारचं ताट त्याने तसंच परत केलं. मोजणी बरोबर आणि माणूस चुकलेला, असं कधी होऊ शकतं, हे त्याला नोकरीत कुणी शिकवलंच नव्हतं.

आता जाऊन बोलायला हवं होतं. बोलायचं म्हणजे काय, तो एकच शब्द. पण तलावाच्या त्या टोकापर्यंत चालत जाणं सोपं आणि तो शब्द तोंडाबाहेर काढणं महाकठीण.

पहिल्या दिवशी तो गेला तेव्हा मनसाराम झाडाला जाळं बांधून ते फाटलं होतं तिथे विणत होता. सोमाजी जवळ जाऊन उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, "यंदा तलावाले पानी चांगलं हाये."

मनसाराम जाळ्याकडे बघतच म्हणाला, "हाये."

सोमाजी घरी आला. तीन वर्षांत ऐकलेला तो पहिला शब्द होता, म्हणून रुखमाला त्याने तो दोनदा सांगितला. तिने कपाळावर हात मारला.

दुसऱ्यांदा गेला तेव्हा मनसाराम नावेत होता आणि नाव तलावाच्या मध्यावर. काठावरून ओरडून काय क्षमा मागणार? तिसऱ्यांदा गेला तेव्हा सोळा तारीख चार दिवसांवर आली होती. या वेळी सोमाजीने मनाशी वाक्य पाठ केलं होतं. पण समोर उभं राहिल्यावर पाठ केलेलं सगळं पाण्यात गेलं आणि तोंडून भलतंच आलं.

"सोळाले चार वाजता गाडी निघते. शाळेपासून."

"मालूम हाये."

"एक जागा खाली हाये."

मनसारामने जाळ्यातून डोकं वर काढलं. "मोजली काय?"

सोमाजीच्या अंगाला चटका बसला. तो आला तसा परत गेला. मनसाराम येणार की नाही, हे त्याला कळलं नाही. त्या चार दिवसांत त्याने गोकुळाला दोनदा आडून विचारलं. ती म्हणाली, "मले काई सांगत नाईत बावा. पन सदरा धुवाले टाकला हाये." सोमाजीने त्या सदऱ्यावर चार दिवस काढले.

सोळा तारखेला चार वाजता शाळेपुढच्या चिंचेखाली क्रुझर उभी राहिली. सात जण आले, बसले. सोमाजी पायरीवर एक पाय ठेवून उभा. चारला पाच मिनिटं झाली, दहा झाली. तलावाकडच्या रस्त्यावर एक म्हैस तेवढी येत होती.

"सोमाजी, टाइम झाला," नूतन आतून म्हणाली.

"थांबा."

सव्वाचारला अमरने हॉर्न वाजवला. सोमाजीने त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा त्याने हॉर्नला हात लावला नाही. साडेचारला गुणवंतरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"सोमाजी, तू सासऱ्याले सोडून जानारा मानूस ना बे? अर्धा घंटा झाला. उशीर होईन, मंग पाय ठेवाले जागा नाई भेटत तिथी. तो नाई येत. चाल आता."

"आज गाडी नाई सुटत," सोमाजी म्हणाला.

"नाई सुटत म्हंजे?"

"तो आल्याबिगर नाई सुटत. ज्याले जायचं असन त्यानं एसटी पकडावी."

बत्तीस वर्षांत ज्याने एक गाडी एक मिनिट थांबवली नाही, तो माणूस उन्हात घामाने निथळत उभा होता आणि रस्त्याकडे बघत होता. खरं सांगायचं तर सोमाजीला आतून रडू येत होतं. आपण इतक्या लोकांना वेळेवर सोडून गेलो, त्यातले किती जण असेच वाट तुडवत येत असतील, असं काहीबाही त्याच्या मनात यायला लागलं होतं. नूतन उतरली, पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि परत जाऊन बसली.

पाचला दहा कमी असताना मनसाराम आला. चालत, अगदी सावकाश. अंगात धुतलेला पांढरा सदरा, इस्त्री केलेला, केसांना तेल, भांग पाडलेला. गोकुळाने पुढे रुखमाला सांगितलं की तो तीन वाजल्यापासून तयार होऊन दाराआड बसला होता आणि दर पाच मिनिटांनी तिला पिटाळत होता, "पाहून ये, गाडी हाये का गेली." आणि ती येऊन सांगायची, आहे अजून, भाऊजी उभेच आहेत. मग म्हणे त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा आणि तो म्हणायचा, "राहू दे आणखीन थोडं."

गाडीपाशी आल्यावर त्याने सोमाजीकडे न बघता म्हटलं, "पन्नास मिनिट लेट हाये गाडी."

"हाव," सोमाजी म्हणाला.

मनसाराम आत जाऊन खिडकीशी बसला. सोमाजी चढला, पत्र्यावर दोन थापा मारल्या. या वेळी त्याने मोजलं नव्हतं, हे नूतनच्या लक्षात आलं. गाडी सुटली आणि आत एकच गलका झाला. गुणवंतरावांनी चिवड्याची पिशवी फोडली.

आता तरी बोलावं की नाही? कोठारी गेलं, सोमाजी बोलला नाही. बल्लारपूर गेलं, तरी नाही. दर वेळी शब्द दातापर्यंत यायचा आणि तिथून माघारी जायचा. मनसाराम मात्र बाकीच्यांशी खुशाल बोलत होता. तलावात यंदा मरळ कशी उतरली ते सांगत होता, आणि अधूनमधून सोमाजीकडे तिरप्या नजरेने बघत होता.

चंद्रपुरात दिवेलागण झाली होती. जटपुरा गेटच्या बाजूने माणसांचे लोंढेच्या लोंढे चालले होते, पांढऱ्या कपड्यातले, कडेवर लेकरं घेतलेले. रस्त्यावर या खांबापासून त्या खांबापर्यंत निळ्या माळा, पंचरंगी पताका, आणि पुस्तकांच्या दुकानांवर पिवळे बल्ब. दीक्षाभूमी तर डोक्यापासून पायथ्यापर्यंत उजळली होती. नऊ जणांनी मेणबत्त्या लावल्या, हात जोडले. मग सगळे नुसते उभे राहून बघत राहिले. घरी टीव्ही आहे, मोबाइल आहे, गल्लीत एलईडीचे दिवे आहेत, पण त्या जागी उभं राहिलं की हे साठीतले लोक सातवीतले होतात. मनसारामचं तोंड उघडंच होतं. सोमाजी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

"भारी हाये ना," सोमाजी म्हणाला.

"भारीच हाये," मनसाराम म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तीन वर्सानं पाह्यली म्या."

सोमाजीने तोंड उघडलं. तेवढ्यात नूतनने हाक मारली, जेवणाच्या रांगेत जागा मिळाली होती. गेलं ते गेलं.

साडेआठच्या सुमारास सगळे गाडीपाशी आले. नूतनने चार पुस्तकं घेतली होती, गुणवंतरावांनी नातवासाठी भोंगा, आणि भोंगा ते स्वतःच वाजवत होते. अमरने गाडी सुरू केली. सोमाजीने एकेकाला आत बसवलं. आज त्याने प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मनसारामच्या चेहऱ्याशी येऊन तो अडला, मग गडबडीने खाली उतरला. मागचं दार नीट लागलंय का पाहायचं, मग चढायचं, मग थापा मारायच्या, असा त्याचा क्रम.

तो मागे गेला आणि इकडे मनसारामने खिडकीतून हात बाहेर काढला. पत्र्यावर दोन थापा वाजल्या. अगदी सोमाजीच्या हाताच्या, तशाच ठणठणीत.

अमरचा पाय सवयीने क्लचवरून सुटला. गाडी निघाली.

सोमाजीला आधी वाटलं, दहा पावलांवर थांबेल. थांबली नाही. वीस पावलं गेली, तीस गेली. गर्दीत हळूहळू, पण जात होती. त्याचा मोबाइल पिशवीत, पिशवी गाडीत. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गाडीचे मागचे लाल दिवे दूर चालले होते. आत त्याचीच माणसं होती आणि एकाचीही मान मागे वळत नव्हती. त्या साली मनसारामने हेच पाहिलं असणार. इथेच कुठेतरी उभा राहून, जवळ मोबाइल नसताना. आणि दुसऱ्या दिवशी तो हसत आला होता! त्याला मनसारामचा राग आला नाही, उलट त्याची दया आली, आणि स्वतःची चीड.

मग तो पळाला. एक चप्पल तिथेच राहिली. एका स्वयंसेवकाने "बाबाजी, हळू, बाजूने" म्हणून हात आडवा केला तर त्याच्या हाताखालून निघाला. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी बाई म्हणाली, "अवो, त्यायचं कोणी सुटलं वाटते." गाडी पुढच्या वळणाला लागणार तेवढ्यात सोमाजीने होता तेवढा श्वास गोळा केला आणि भर रस्त्यात, हजार माणसांत, ओरडला,

"मनसाराम! चुकलं बे! चुकलं माहं! मी चुकलो होतो!"

गाडी थांबली. बहुतेक ती थांबायच्या बेतातच होती, पण ते कुणी कबूल केलं नाही. दार उघडलं. आत सातही जण पोट धरून हसत होते, अमर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. मनसाराम तेवढा हसत नव्हता. दारात वाकून त्याने हात पुढे केला, जाळं ओढणारा तो खरखरीत हात, आणि धापा टाकणाऱ्या सोमाजीला वर ओढून घेतलं. मग स्वतः सरकला आणि त्याला आपल्या शेजारी बसवलं.

"काय म्हनला?" त्याने विचारलं. "भोंग्याच्या आवाजात ऐकू नाई आलं मले."

"चुकलं माहं."

"कोनाचं?"

"माहं, माहं! चुकलं!"

"अमर, तू ऐकलं काय गा? नाई ना? हा पुन्हा म्हनतो."

बामणी फाटा येईपर्यंत सोमाजीला ते सहा वेळा म्हणावं लागलं. पहिल्यांदा खाली मान घालून, तिसऱ्यांदा डोळे पुसत, आणि शेवटी तर हसता हसता त्याचं डोकं मनसारामच्या खांद्यावर पडलं होतं. सहा वेळा हे मनसारामच्या मोजणीने. सोमाजीने मोजलं नाही.